हॅलोजनची कांडी

आमच्या घरात मासे आणले ते लोकांनी मासे बघावेत म्हणून नाही, मला बघावं म्हणून. ही कल्पना मालनआत्याची. आप्पांची ही थोरली बहीण विधवा होऊन माहेरी आली ती कायमची, आणि आल्या दिवसापासून घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. ती एकदा नारायणगावला कापडाच्या दुकानात गेली होती. तिथं गल्ल्याशेजारी काचेची टाकी होती, तिच्यावर लख्ख लाईट, आणि त्या उजेडात दुकानदाराची सून बसली होती. आत्या घरी आली, चप्पल काढता काढताच आप्पांना म्हणाली, "ती बाई रस्त्यात भेटली आस्ती तर काळा तवा म्हणलं आस्तं मी तिला. पण काचंपाशी बसली व्हती तर केवड्यागत दिसत व्हती. आपल्या थोरलीला तसं बसवायचं." थोरली म्हणजे मी. माझं नाव सुमन. ते घरात फारसं कुणी घेत नसे.

आप्पा जगात कुणाचं ऐकत नसत, आत्याचं सोडून. आठवड्याच्या आत द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटांच्या टेंपोतून गोधडीत गुंडाळलेली टाकी आली. आमचं घर पेठच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, बागेच्या कडेला. घर माळकरी. मासा म्हणून आमच्या घरात एकच पदार्थ व्हायचा, मासवडी, आणि तीही बेसनाची, आत खोबरं-तिळाचं सारण भरलेली. त्यामुळे टाकी बघायला आलेल्या शेजाऱ्यांनी आप्पांना यथेच्छ पिडलं. "काय राव, माळ कधी काढली?" "कधी कापायचं, सांगा, भाकरी घिऊन येतो." आप्पा हसायचे. परक्यांच्या चेष्टेवर ते छान हसत. त्यांचा राग सगळा घरच्यांसाठी राखलेला असायचा.

दुकानदारानं टाकीच्या झाकणात एक बारकी ट्यूब बसवून दिली होती. ती लावली की पाणी सायंकाळसारखं दिसायचं. मला ते आवडलं होतं. आप्पांना नाही. "ही काय काजव्याची लाईट," ते म्हणाले, आणि पॅकिंग शेडमधला हॅलोजन काढून आणला. त्या शेडमध्ये व्यापारी माल बघायला यायचे. आप्पांनी तिथं हॅलोजन असा टांगला होता की खालच्या घडाचा मणी न् मणी चकाकायचा. "मालाला उजेड दाखवावा लागतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यांनी बैठकीच्या खोलीत तुळईला हूक ठोकला, हॅलोजन बरोबर टाकीवर आणला, आणि बटण दाबलं. खोलीत एकदम दुपार झाली. भिंतीवरची कोळिष्टकं, देवाच्या फोटोवरची धूळ, आईच्या साडीचा विरलेला काठ, सगळं उघडं पडलं.

आत्यानं मला खुर्चीवर बसवलं. "जरा तिकडं. हनवटी वर. आता आसं बघ." मग दोन पावलं मागं सरून तिनं डोळे बारीक केले, आणि आप्पांना म्हणाली, "खपंल." आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातानं उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आत गेली, कारण तव्यावर भाकरी होती. माझ्या आईचं सगळं बोलणं आयुष्यभर त्या तव्यावरच भाजून निघालं. लहानपणी मला वाटायचं, ती कधीतरी एक वाक्य माझ्या बाजूनं बोलेल. ती जाऊन बरीच वर्षं झाली. आता वाट बघायची सवय मोडलीय.

मासे आले तेव्हा पिशवीत नारिंगी होते आणि दुकानदारानं त्यांच्यासोबत थोडे काळेही दिले होते, मखमलीसारखे. माझी धाकटी बहीण रंजना म्हणाली, "अक्का, हे तुझे." ती गोरी होती. घरात एक गोरी असली की काळीला आरसा लागत नाही. आत्यानं चहाची गाळणी घेतली, काळे तेवढे एकेक करून निवडले आणि अंगणात फेकले. "घरात येक हाय तेवढी बास." शेजाऱ्यांच्या कोंबड्या आमच्याच अंगणात असायच्या. त्यांनी आधी मान वाकडी करून त्या उड्या मारणाऱ्या गोष्टींकडे बघितलं, मग एकीनं चोच मारली, आणि मग सगळ्याच धावल्या. रंजना पोट धरून हसली. ती तेव्हा सोळा-सतराची असेल, आणि ज्या मुलीला कधी कुणी लागेल असं बोललेलं नाही ती ज्या मोकळेपणानं हसते, तशी ती हसायची.

गंमत अशी, की वरच्या तुकड्यात आप्पांनी काळी द्राक्षं लावली होती आणि त्या काळेपणाची त्यांना कोण ऐट. एखाद्या घडात लालसर मणी दिसला की कपाळाला आठी पडायची. व्यापाऱ्याला म्हणायचे, "बघा, कसा काळाभोर हाय, हात लावला तर डाग पडंल." मी शेजारी क्रेट भरत असायचे. हे बोलताना त्यांची नजर कधी चुकूनही माझ्याकडे वळली नाही.

आणलेली वस्तू माझ्यासाठी, तेव्हा तिची उस्तवारी मीच करायची हे ओघानंच आलं. म्हणून मला जे दिसलं ते घरात दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. हॅलोजन लागला की मासे प्लॅस्टिकच्या झुडपामागं एकमेकांना चिकटून गोळा व्हायचे. तोंडं काचेकडे नाही, भिंतीकडे. पाणी वरून कोमट व्हायचं आणि ते वर येऊन तोंडं उघडझाप करायचे. त्यांचा नारिंगी रंग फिकट पडत चालला. काचेवर हिरवा थर धरायचा. आज घासला की चार दिवसांत पुन्हा तेच. माशांना पापण्या नसतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण इतक्या जवळून बघितल्यावर ते सांगावं लागत नाही. आत्या दुपारी जेवणं झाली की हॅलोजन लावून मला समोर बसवायची, "तोंडाला सवय व्हऊ दे" म्हणून. त्या तालमीत माझ्या कानामागं टाकीतल्या हवेच्या पंपाची बुडबुड चालू असायची आणि मानेवर तव्यासारखी धग. डोळे मिटलेले आत्याला चालत नसत. मग मला कळायचं, हे बिचारे झुडपामागं का जातात. मला झुडूप नव्हतं, एवढाच फरक.

बागेतलं शहाणपण मला टाकीपाशी उपयोगी पडलं. खालच्या तुकड्यातल्या पांढऱ्या द्राक्षांवर ऊन थेट पडलं की मणी गुलाबी पडतात, चट्टे येतात, व्यापारी नाक मुरडतो. म्हणून थंडी सरत आली की आम्ही बायका ओळीओळीनं फिरून प्रत्येक घडाला रद्दीचा कागद गुंडाळायचो. कागद नीट गुंडाळायला लई जीव लावावा लागतो. घट्ट झाला तर घड घामेजतो, सैल झाला तर वारा नेतो. मी टाकीला तसाच कागद गुंडाळला, तीन बाजूंनी, आणि झाकणावर रोपवाटिकेतल्या हिरव्या जाळीचा तुकडा टाकला. हॅलोजन बंद, झाकणातली ट्यूबही थोडाच वेळ. दुसऱ्या दिवशी मासे पुढं आले. काचेला नाकं लावून, शेपट्या हलवत, खाणं मागत. घरात माझ्याकडे तोंड करून कुणी काही मागायची ती पहिलीच वेळ, असं मला वाटलं, आणि मी तिथंच खाली बसून रडले. आत्याला कागद दिसला की ती फाडायची. मी पुन्हा लावायचे. हे आमचं महिनोन्महिने चाललं.

पाहुणे बोलवायचे ते लाईटीच्या पाळीप्रमाणे. आमच्याकडे एक आठवडा दिवसा लाईट असायची, एक आठवडा रात्री. ज्या आठवड्यात दिवसाची पाळी, त्याच आठवड्यात स्थळ. "ह्या मंगळवारी नको, पुढल्या मंगळवारी या," असा निरोप आप्पा पाठवायचे आणि समोरच्यांना वाटायचं, घर मुहूर्ताचं फार बघतं. मग मासवडीचा घाट, झणझणीत रस्सा, पापड, शेवटी पोहे नाहीत तर शिरा. मला पावडर थापायची. हॅलोजनखाली ती पावडर घामानं विरघळून गळ्यापर्यंत ओघळ यायचे, म्हणून आत्या मागं उभी राहून पदरानं टिपायची आणि पाहुण्यांना सांगायची, "लाजरी हाय."

जुन्नरकडचं एक स्थळ त्या उजेडाला भुललं. पसंती कळवली. आप्पांनी मला त्या दिवशी नावानं हाक मारली. मी खोटं कशाला बोलू, मी सुखावले. त्यानंतर काही दिवसांनी मी बागेत घड बुडवत होते. हातात औषधाचा डबा घेऊन एकेक घड त्यात बुडवून काढायचा, असं ते काम. अंगावर जुना शर्ट, डोक्याला फडकं, तोंडावर ऊन. एक बाई बांधावरून आली. मी ओळखलं, मुलाची चुलती. तिनं मला ओळखलं नाही. म्हणाली, "ए बाई, थोरली पोरगी कुठंय गं घरची? सहज आले व्हते, बघून जावं म्हणलं."

मी म्हणाले, "मीच."

तिनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग मागं वळून घराकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "आगं बया," एवढंच म्हणाली, तेही हळू. घरात गेली नाही, पाणी घेतलं नाही, आली तशी बांधावरून गेली. संध्याकाळी नकार आला. आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला डबा काढून घेतला, त्यातलं औषध माझ्या पायांवर ओतलं आणि म्हणाले, "उन्हात उभं रहायला कुणी सांगितलं व्हतं तुला? फसवलं आसं झालं की आपून." फसवलं होतं हे त्यांना मान्य होतं. ते उघडं पाडलं मी, हा माझा गुन्हा.

तिथून माझं बाहेर जाणं बंद. ऊन लागायला नको म्हणून बैठकीच्या खिडकीला जाड पडदा लावला. बाहेर सगळं जग उन्हात आणि मी हॅलोजनखाली. रंजना बागेत जाऊन यायची, द्राक्षं खात खात मला सांगायची, बाहेर काय काय चाललंय. एकदा म्हणाली, "अक्का, तुझं लगीन लवकर व्हऊ दे बाई. माझं आडलंय." ती वाईट बोलत नव्हती. खरंच अडलं होतं.

मग खोडदचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला होता, तिच्या आभाळाकडं तोंड केलेल्या तबकड्यांची वायरिंग बघायचा. शिकलेला, शांत, असं मध्यस्थानं सांगितलेलं. त्या आठवड्यात माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पुन्हा कुणी मला पसंत करावं आणि पुन्हा कुणीतरी बांधावरून येऊन मला विचारावं, थोरली कुठंय, हे मला सोसणार नव्हतं. ज्याला घ्यायचं त्यानं मला माझ्या रंगात बघून घ्यावं. नाही घेतलं तर नाही. मासेही आता दोन-तीनच उरले होते, बाकीचे एकेक करून तरंगले होते.

आप्पा पाहुण्यांना आणायला हायवेवर गेले, आत्या रंजनाकडून स्वतःचा अंबाडा घालून घेत होती. मी स्टूल घेतलं. हॅलोजनमध्ये पेन्सिलीएवढी काचेची कांडी असते, ती काढली की उरतो नुसता पत्रा. मी फडक्यात धरून ती काढली आणि धान्याच्या खोलीत बाजरीत खोल खुपसून ठेवली. टाकीला नीट कागद गुंडाळला, पुढची काच तेवढी मोकळी. झाकणातली बारकी ट्यूब लावली. शेवटी खिडकीचा पडदा ओढून काढला, आणि तोंडावरची पावडर धुऊन टाकली.

आत्या खोलीत आली आणि जागच्या जागी थांबली. तिनं बटण दाबून बघितलं, दोनदा. "कांडी उडाली," मी म्हणाले. ती माझ्या धुतलेल्या तोंडाकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं. पण अंगणात चपला वाजल्या, पाहुणे आले होते. माझ्या कानाशी येऊन ती फक्त म्हणाली, "बस मग." आणि आत निघून गेली. मला वाटलं, मी जिंकले.

पाहुण्यांत मुलगा, त्याची आई आणि मामा. मामा बोलका. मुलगा खुर्चीवर बसल्यापासून टाकीकडे बघत होता. मासे पुढच्या काचेपाशी फिरत होते. त्यानं वाकून कागदाकडे, जाळीकडे बघितलं.

"हे द्राक्षाचं पेपरिंग केलंय का टाकीला?" त्यानं मला विचारलं. सरळ मला. एखाद्या मुलानं तोपर्यंत मला नाव, शिक्षण आणि स्वयंपाक येतो का, यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

"लाईट लई व्हत होती त्यांना," मी म्हणाले. "लपून बसायचे."

"बराबर केलं. आमच्याकडं टाकीवर लोक फोकस मारत्यात आणि म्हणत्यात मासे मरतात कसे." तो हसला, माझ्याकडे बघून. खिडकीतून ऊन सरळ माझ्या तोंडावर होतं. त्यानं नजर हटवली नाही. त्या दोन-चार मिनिटांइतकी मी आयुष्यात कधी आनंदात नव्हते, हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

तेवढ्यात आतून पाणी आलं. तांब्या-पेले घेऊन आली रंजना. बाहेरच्या लोकांसमोर तिला कधी येऊ देत नसत, माझं होईपर्यंत तिनं दिसायचं नाही असा दंडक होता. तिच्या अंगावर माझ्यासाठी घेतलेली आबोली साडी होती, केसात गजरा. आत्या तिच्यामागं दारात उभी. "ठिव तिथं, आणि बस आक्काजवळ," आत्या म्हणाली. रंजना माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. खिडकीतलं ऊन आता आम्हा दोघींवर पडत होतं.

मामा खुर्चीत पुढं सरकले. मुलाच्या आईनं पेला घेतला, प्यायचा विसरली. मी मुलाकडे बघितलं. तो पुन्हा टाकीकडे बघत होता, पण आता मासे बघत नव्हता.

त्यांनी घरी जाऊन कळवायचीसुद्धा तसदी घेतली नाही. मासवडी खाता खाताच मामा आप्पांना म्हणाले, "पावणं, राग मानू नका. धाकटी द्यायची आसंल तर आत्ता नारळ घेतो." मी वाढत होते. माझ्या हातात रश्श्याचं पातेलं होतं. मुलानं मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा मोडला. आप्पांनी क्षणभर आत्याकडे बघितलं, आत्यानं मान हलवली, आणि आप्पा म्हणाले, "घ्या की."

पाहुणे गेल्यावर मी मार खायची तयारी करून बसले होते. आप्पा आले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "चला, तुझा कायतरी उपेग झाला." आत्या पान लावत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला उगंच लाईटीचा खटाटोप सुचला व्हता. तुझ्याशेजारी बसवलं की दुसरी लाईटच लागत न्हाई." आई आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थोडा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

टाकी आणि हॅलोजनचा पत्रा रंजनाबरोबर खोडदला द्यायचं ठरलं. माशांचा आता उपयोग नव्हता. आत्यानं गड्यांकडून टाकी अंगणात नेववून पाण्यासकट पपईच्या आळ्यात ओतली. "खत व्हईल," म्हणाली. मी त्या आळ्याशी बसून हातानं चिखल चाळला. एक सापडला, तोही थांबलेला.

माझं लग्न झालं नाही. म्हणजे आप्पांनी पुन्हा कुणाला बोलावलंच नाही. धाकटीचं आधी झालं म्हणजे थोरलीत खोट, हे लोकांनी आपोआप धरलं. मी शिवणकाम शिकले, मंचरला खोली घेतली, ब्लाऊज शिवले, आणि आता माझं छोटं दुकान आहे. घर सोडताना बाजरीतून ती कांडी काढून घेतली. का घेतली ते मला आजही नीट सांगता येत नाही. आत्या, आप्पा, आई, तिघंही गेली. रंजनाच्या नवऱ्याला कधी लग्नाकार्यात बघते. तो नमस्कार करतो, तब्येत विचारतो, आणि नजर दुसरीकडे ठेवतो.

रंजनाला एकच मुलगी. ती माझ्यावर गेली. माझ्याहून एखादी छटा काळीच. गेल्या हिवाळ्यात रंजनाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. "अक्का," म्हणाली, "तवा ती कांडी खरंच उडाली व्हती का गं?"

इतक्या वर्षांनी तिनं हे विचारलं. "न्हाई गं," मी म्हणाले. "मीच काढून ठेवली व्हती. अजून हाय माझ्याकडं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, रडतेय. मग म्हणाली, "मग दे ना ती मला. पोरीला बघायला येणारेत. आताच्या एलईडीनं तोंड निळं दिसतं, आनखी काळं पडतं. ती पिवळी लाईट लई भारी व्हती. टाकी आन हॅलोजनचा पत्रा हाय अजून माळ्यावर. मासं न्हाई ठेवलं तरी चालतंय."

दुकानात शिलाईचं काम पडलं होतं. मी मशीनचं चाक हातानं थोडं फिरवलं, सुई वर आणली.

"देते," मी म्हणाले. "न्यायला पोरीला पाठव."

पोरगी आली ती माझ्याकडंच राहिली, त्याला आता बरेच महिने झाले. रंजना फोनवर मला शिव्या घालते, मी ऐकून घेते. कांडी अजून कपाटात तिथंच आहे. मुलगी बाहेर उन्हात, पायरीवर बसून हातशिलाई करतेय.